केळ म्हण

वकीलसाहेबांनी ताटातलं एक केळं उचललं, माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, “हे काय आहे? मोठ्यानं सांग.”

मी उभा होतो. बाकी सगळे बसलेले. लोडाला टेकून रेंजर. त्याच्या बाजूला घुग्घुसचा कोळशाचा ठेकेदार. खुर्चीत शाळेचे हेडमास्तर. चांद्यातला उन्हाळा, रविवारची दुपार. दारांवरच्या खसाच्या ताट्यांवर मीच पाणी मारून आलो होतो, माझे हात अजून ओले होते.

“केर,” मी म्हणालो.

आधी कोणालाच काही कळलं नाही. मग ठेकेदार फसकन हसला.

“केर! अहो वकीलसाहेब, दिवाणखान्यात केर!”

मग सगळेच हसले. हेडमास्तर तोंडावर उपरणं धरून हसले. वकीलसाहेबांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यांना राग आला नव्हता. ते मला कधीच रागावत नसत.

“पुन्हा म्हण. जीभ मागं ने. टाळूला लाव. केळ.”

“केर.”

“केळ.”

“केर.”

दाराशी त्यांची धाकटी मुलगी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “बाबा, याला शाळा म्हणायला सांगा ना.”

मी मान खाली घातली. वकीलसाहेब म्हणाले, “सांग, बाळ विचारतेय.”

“सारा,” मी म्हणालो.

पुन्हा हसू. वकीलसाहेबांनी पाहुण्यांकडं वळून माझ्या खांद्याच्या दिशेनं बोट केलं. “हसू नका. हा आमचा प्रयोग आहे. बी.ए. झालाय. याला लॉ कॉलेजला पाठवतोय. याच्या समाजातला इकडचा पहिला वकील होईल. फक्त आधी तोंड धुवून काढायला हवं.”

मग ते केळं त्यांनी माझ्या हातात दिलं. “घे, खा. म्हणता येत नाही म्हणून खाऊ नये असं थोडंच आहे?”

मी ते दोन्ही हातांनी घेतलं. आणि म्हणालो, “आभारी आहे.”

हे शब्द बरोबर आले. आभार मानताना माझी जीभ कधी चुकली नाही. याची लाज मला केळापेक्षा जास्त वाटते.

मी महार. आरमोरीच्या पुढं, वैनगंगेच्या काठच्या गावातला. बाप कोतवाल होता. साहेब गावात आला की त्याच्या घोड्यापुढं पळणारा, मेलेलं ढोर ओढणारा, चावडीच्या दारात बसणारा. मी शाळेत असतानाच तो गेला. मायनं धानाच्या बांधीत रोवणी करून आणि उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडून मला शिकवलं. पुढं नागपूरला वसतिगृहात जागा मिळाली. मी बी.ए. झालो तेव्हा गावात बी.ए. म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगता आलं नाही. माय लोकांना सांगायची, “लई मोठी सारा शिकला.”

त्याच सुमाराला बौद्ध धर्म घेऊन आम्ही घरातले देव नदीत सोडले होते. मायनं टोपलं पाण्यावर उलटं केलं, हात धुतले आणि मागं वळून न पाहता घरी आली. शेजारच्या बाया घाबरल्या होत्या. माय घाबरली नाही. मी तिचाच मुलगा. आणि मला एका लिंबाएवढ्या अक्षराची भीती वाटत होती.

आमच्या झाडीपट्टीत ळ नाही. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, फळाला फर, काळ्याला कारा. गावात कोणी कोणाला त्यावरून हसलेलं मला आठवत नाही. नागपूरला कॉलेजात गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की हे चुकीचं असतं. तिथं मी ळ शिकलो. मित्रांत बोलताना यायचा. एकटा असलो की यायचा. पण वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात, त्या पांढऱ्या चादरीच्या गादीसमोर उभा राहिलो की जीभ लाकडाची व्हायची.

वकील व्हायचं मी का ठरवलं? चांद्याच्या कोर्टासमोरच्या झाडाखाली लहानपणी मी बापासोबत बसलो होतो. मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जंगलाचं काहीतरी प्रकरण होतं, साक्षीला गावातली माणसं आणली होती. त्यांना एकेक करून आत बोलावत. बाहेर आल्यावर जो तो विचारायचा, “काय म्हनला साहेब?” आणि कोणालाच माहीत नसायचं. स्वतःचाच निकाल माहीत नसलेली माणसं पायी परत जायची. पुढं मालगुजारी गेली, जंगल सरकारचं झालं. निस्तार, म्हणजे गावाचा जंगलावरचा जुना वापराचा हक्क, तोही कागदात कुठंतरी अडकला. सरपण आणलं की खटला. गुरं गेली की खटला. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली माणसं वाढली.

त्या वर्षी नागपूरच्या लॉ कॉलेजात अर्ज फार आले होते, म्हणून प्रवेशासाठी लेखी आणि तोंडी अशी परीक्षा ठेवली होती. लेखीत इंग्रजी निबंध आणि राज्यघटनेवरचे प्रश्न. तोंडीत तीन प्राध्यापक समोर बसणार. आणि कोणा प्रतिष्ठित माणसाची शिफारस लागणार. आमच्या वसतिगृहाच्या रेक्टरनं मला चांद्याच्या या वकीलसाहेबांकडं पाठवलं. ब्राह्मण, पण सुधारलेले. खादी घालायचे. त्यांनी मला अंगणाच्या टोकाची खोली दिली, जेवण दिलं, पुस्तकं दिली. मी त्यांच्या फाइली कोर्टात न्यायच्या, पाणी भरायचं, आणि झाडीतले पक्षकार काय म्हणतात ते त्यांना समजावून सांगायचं.

खोटं कशाला सांगू, पुस्तकं त्यांनी हात आखडून दिली नाहीत. सकाळी अंगणातल्या कडुलिंबाखाली मी घटना वाचायचो. कायद्यासमोर सगळे सारखे, हे मी इंग्रजीत पाठ केलं होतं. रविवार आला की दिवाणखान्यातून हाक यायची.

वकीलसाहेब या रविवारांना तयारी म्हणायचे. “तोंडीत पहिलं वाक्य तोंडातून निघालं की माणूस कळतो,” ते सांगायचे. “तिथं प्राध्यापक हसतील. त्यापेक्षा इथं हसलेलं बरं. सवय होईल.”

मला ते पटायचं. हे आज लिहिताना अंगावर काटा येतो, पण खरंच पटायचं. मी स्वतःच म्हणायचो, हे लोक माझ्या भल्यासाठी हसतात. संध्याकाळी इरईच्या काठावर जाऊन मी पाण्यात बसलेल्या म्हशींसमोर मोठ्यानं म्हणायचो: केळ, बाळ, शाळा, काळा, डोळा. म्हशी कान हलवायच्या. सगळं बरोबर यायचं. आणि परत येताना फाटकाशी ती धाकटी मुलगी विचारायची, “काय रे केर, कुठं गेला होतास?”

तिनं माझं नावच ते ठेवलं होतं. तिच्या मैत्रिणीही तेच म्हणायला लागल्या. मग स्वयंपाकाची बाई. एकदा एका पक्षकारानं मला बाहेर शोधत विचारलं, “ते केरभाऊ कुठी हायत?” त्याला वाटलं ते माझं खरंच नाव आहे. मी पुढं झालो आणि म्हणालो, “मीच.”

तेंदूच्या हंगामात मी दोन-चार दिवस घरी गेलो. माय पानं तोडून आली होती, ओसरीत बसून पानांचे मुडे बांधत होती. बोटं कारीठिक्कर. मला पाहून तिचं तोंड फुललं.

“बाबू, कवा निघाला? उन्हाचा आला काऊन?”

मी म्हणालो, “सकाळच्या गाडीनं निघालो. आई, तू कशी आहेस? डोळे का लाल दिसतात तुझे?”

मी असं ठरवून बोललो नव्हतो. रोज घोकत होतो, तेच बाहेर पडलं. डोळे. ळ अगदी स्वच्छ, टाळूला लागून आला.

मायचे हात थांबले. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या चपलांकडं पाहिलं. तहसीलदाराकडं जसं पाहते तसं. मांडीवरची पानं बाजूला सारून ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, “तुमी बसा. पानी आनतो.”

“माय, मला तुम्ही नको म्हणू,” मी म्हणालो. पुन्हा शुद्धच. ‘मला’. मले म्हणायचं होतं. आलं नाही. दिवाणखान्यात ळ येत नव्हता आणि मायच्या ओसरीत मले येत नव्हतं. दोन्हीकडं मी मुका.

माय हसली. लाजून हसली. “नाई जी, आता तुमी साहेब लोक. आमचं गावंढर बोलनं तुमाले कसं चालन?”

मी पाणी प्यालो. मायनं हातात पेला देताना दुसरा हात कोपराला लावला होता, मोठ्या माणसाला देताना लावतात तसा. पुढं किती वर्षं मी तिच्याशी तिच्याच बोलीत बोललो, रागावलो, विनवलं. ती मरेपर्यंत मला ‘तुमी’च म्हणत राहिली. तिच्या मनात तो अभिमान होता. माझ्या मनात काय होतं ते तिला कधी सांगता आलं नाही.

हे लिहितानाही हात आपोआप शुद्ध लिहितो. त्याचीही लाज आहे.

चांद्याला परत आलो तेव्हा उन्हामुळं कोर्ट सकाळचं झालं होतं. तोंडी परीक्षा जवळ आली होती. लेखी मी नागपूरला जाऊन देऊन आलो होतो, पेपर बरा गेला होता. वकीलसाहेब म्हणाले, “शिफारस मी स्वतः लिहून देतो. निघायच्या आदल्या दिवशी घेऊन जा.”

त्याच दिवसांत मैनाबाईचं प्रकरण आलं.

मैनाबाई गोंड. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावची. विधवा, माझ्या मायच्या वयाची. राखीव जंगलातून बांबू तोडला म्हणून तिच्यावर खटला. गावातल्या लोकांनी मिळून तिच्यासाठी आमच्या वकीलसाहेबांना उभं केलं होतं. आणि तिला पकडणारा रेंजर तोच, दर रविवारी लोडाला टेकून केळाची गंमत बघणारा.

कोर्टाच्या व्हरांड्यात ती भिंतीला पाठ लावून उकिडवी बसली होती. वकीलसाहेबांनी मला सांगितलं, “तिला विचार काय झालं ते. आणि मला थोडक्यात सांग.”

मी तिच्यासमोर वाकलो. “बाई, घाबरू नका. नेमकं काय घडलं ते मला सांगा.”

ती आणखी आक्रसली. गुडघ्यांत तोंड घातलं. मी पुन्हा विचारलं, तसंच शुद्ध. तिनं वर न पाहता हळू विचारलं, “बाबू, तू रेंजराकडला का?”

माझ्या बोलण्यावरून तिला तसं वाटलं होतं. ज्या बोलण्यासाठी मी म्हशींसमोर घसा फोडत होतो, त्या बोलण्यावरून.

मी मागं वळून पाहिलं. वकीलसाहेब लांब कोणाशी बोलत होते. चोरी करताना माणूस बघतो तसं मी पाहिलं. मग खाली बसलो आणि अगदी हळू म्हणालो, “नाई बाई. मी आरमोरीकडला हाये. कोतवालाचा पोरगा. तुले काय झालं ते सांग.”

शब्द आले. गंजलेली कडी निघावी तसे, पण आले.

तिनं मान वर केली. मग एका दमात बोलत सुटली. “म्या बांबू नाई तोडला रे बाबू. घर वाकून राह्यलं होतं, पडलेला बांबू होता, सुकलेला, तोच उचलला. रेंजरसाहेब दारात आला. कोंबडं मागतलन. म्या म्हनलं, ते पेनाचं हाये, आमच्या देवाले बोललेलं हाये, ते नाई देत. त तो काई बोलला नाई, चालला गेला. दुसऱ्या दिशी मानसं आनलन, मले धरून नेलन.”

मी वकीलसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. चष्मा पुसला. मग म्हणाले, “कोंबड्याचं इथं काढायचं नाही.”

“पण साहेब, तेच तर कारण…”

“अरे, पुरावा काय? उगाच रेंजरची अब्रू जाईल आणि बाईला जास्त शिक्षा होईल. गुन्हा कबूल, गरीब आहे, दया करावी. किरकोळ दंडावर सुटेल. मॅजिस्ट्रेट मुंबईकडून आलेत, त्यांना हिचं बोलणं कळणार नाही. ते तुलाच विचारतील. तू एवढंच सांग.” मग ते हसले, मायेनं. “ही पण तयारीच समज. वकिलाला कुठलं गाळायचं ते कळलं पाहिजे.”

मी हो म्हणालो. मान हलवली.

मैनाबाईला पुकारलं. ती पिंजऱ्यात उभी राहिली, कठड्याच्या वर तिचं डोकं जेमतेम दिसत होतं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल आहे का?” तिला ‘कबूल’ तेवढं कळलं असावं. ती बोलायला लागली. व्हरांड्यात सांगितलं होतं तेच, त्याच दमात. मधे गोंडी शब्द. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “काय म्हणतेय ही?”

वकीलसाहेबांनी मला खूण केली. मी उठलो.

“साहेब, ही बाई म्हणते…”

तिथं थांबलो. मैनाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांत नाही, तोंडाकडं, ओठांकडं. तिचं म्हणणं आता माझ्या तोंडात होतं. मी गिळलं तर गिळलं गेलं. रेंजर बाकावर पाय हलवत बसला होता. त्याच्या तोंडावर तेच हसू होतं, रविवारचं. वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “कबूल आहे म्हण.”

हे सगळे मला हसणार हे मला माहीत होतं.

“ते म्हनते,” मी म्हणालो, “म्या बांबू नाई तोडला. पडलेला होता, सुकलेला, तोच उचलला. रेंजरसाहेबानं कोंबडं मागतलन. ते देवाचं हाये म्हनून म्या नाई देल्लं. म्हनून मले धरून नेलन.”

कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचे कारकून, दोन तरुण वकील, सगळे. चपराशी “शांतता” म्हणाला, तोही हसतच. मी मैनाबाईकडं पाहिलं. ती हसत नव्हती. ती प्रत्येक शब्दाला मान हलवत होती. हो, हो, असंच.

मॅजिस्ट्रेट साहेब म्हणाले, “हे काय बोलणं? शुद्ध बोला.”

मी तेच पुन्हा शुद्ध भाषेत सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. कोंबडं गाळलं नाही. या वेळी कोणी हसलं नाही. रेंजर उभा राहिला होता.

साहेबांनी वकीलसाहेबांना विचारलं, “हा कोण? तुमचा ज्युनियर?”

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला होता. ते पटकन म्हणाले, “छे छे. माझ्याकडं गडी आहे. अर्धवट आहे जरा. माफ करा साहेब.”

गडी. रविवारी पाहुण्यांसमोर मी बी.ए. होतो, समाजातला पहिला वकील होणार होतो. कोर्टात गडी झालो. वर अर्धवट.

“मी गडी नाही, साहेब,” मी म्हणालो. “मी बी.ए. आहे. आणि या बाईनं जे सांगितलं तेच मी सांगितलं. तिचं म्हणणं लिहून घ्या.”

“तुम्ही खाली बसा,” साहेब म्हणाले.

“लिहून घ्या साहेब.”

“खाली बसा, नाहीतर बाहेर काढीन.”

मी बसलो. हो, बसलो. चपराशी माझ्याकडं येत होता. साहेबांनी काही लिहिलं. कोंबड्याचा प्रकरणाशी संबंध नाही, असं म्हणाले. मैनाबाईला दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ती दाराजवळ शिपायाशेजारी जमिनीवर बसून राहिली. कोर्ट उठल्यावर बाहेर आली तेव्हा तिनं मला विचारलं, “बाबू, माहं म्हननं त्याइनं आयकलं ना?”

“आयकलं बाई.”

“मंग दंड काऊन केला?”

“लिवलं नाई.”

मग गावची माणसं आली आणि तिला घेऊन गेली. मला वाटलं होतं ती आशीर्वाद देईल, निदान काही बोलेल. तिनं बोलावं असं मी काय केलं होतं?

त्या दिवशी संध्याकाळी दिवाणखान्यात मला बोलावलं. रेंजर होता, हेडमास्तर होते. वकीलसाहेब रागावले नव्हते, दुखावले होते. ते जास्त वाईट होतं.

“तुझ्यासाठी मी काय काय केलं,” ते म्हणाले. “समाजाचे टोमणे खाल्ले. आणि तू भर कोर्टात माझं नाक कापलंस. तरी मी तुझं वर्ष वाया जाऊ देणार नाही. रेंजरसाहेबांची माफी माग. पाया पड आणि विषय संपव. शिफारस तयार आहे.”

ती टेबलावर होती. घडी घातलेली.

रेंजर म्हणाला, “पाया नको. आधी केळ म्हणायला सांगा.”

हेडमास्तर हसले. वकीलसाहेबही हसले, थोडे सैल झाले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “म्हण रे. म्हण आणि सुट.”

मला ळ येत होता. त्या क्षणी जीभ मोकळी होती, मला ते जाणवत होतं. स्वच्छ म्हणू शकलो असतो. म्हणालो असतो तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि पेढा दिला असता.

“नाई म्हनत,” मी म्हणालो.

“काय?”

“नाई म्हनत म्हनलं. मी म्हनून दाखवाले इथी आलो नाई.”

मी पुस्तकं त्यांच्या कपाटात परत ठेवली, पिशवी घेतली आणि निघालो. फाटकाशी ती धाकटी मुलगी उभी होती. तिनं विचारलं, “केर, कुठं चाललास?” मी तिला माझं नाव सांगितलं. बापानं ठेवलेलं. तिनं ते एकदा म्हणून पाहिलं.

नागपूरच्या तोंडी परीक्षेला मी शिफारशीशिवाय गेलो. तीन प्राध्यापक. मधल्यानं विचारलं, “चांद्याहून आलात आणि तिथल्या एकाही प्रतिष्ठित माणसाची ओळख नाही?”

“होती,” मी म्हणालो. “आता नाही.”

“का?”

मी सांगायला लागलो. सगळं एकदम आलं, शुद्ध आणि झाडी मिसळून, मैनाबाई, बांबू, कोंबडं. एकानं मधेच सुधारलं, “मागितलं म्हणा. मागतलन नाही.”

“ती मागतलन म्हणाली होती, साहेब.”

त्यांनी एकमेकांकडं पाहिलं. हसले नाहीत. फक्त ओठ दाबले. मला ते हसण्यापेक्षा ओळखीचं होतं. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मला येत होती, पण त्या दाबलेल्या ओठांकडं बघत मी अर्धी उत्तरं देऊन बाहेर आलो. शर्ट पाठीला चिकटला होता.

माझं नाव लागलं नाही. फलकासमोर उभा होतो तेव्हा ऑफिसमधला एक कारकून मागून म्हणाला, “लेखीत तुम्ही चांगले होता हो. तोंडीत गेलात.”

पाऊसकाळभर मी मायसोबत बांधीत राहिलो. कापसाच्या हंगामात वरोऱ्याच्या जिनिंगमध्ये काट्यावर काम मिळालं. गाड्या यायच्या, कापूस तोलायचा, ओरडून वजन सांगायचं. डोक्यात, भुवयांत, नाकात रुई. दुपारच्या सुट्टीत गठ्ठ्यांच्या सावलीत बसून मी पुस्तक वाचायचो. मजूर विचारायचे, “काय वाचून राह्यला भाऊ?” मी सांगायचो, “तुमच्यावर खटला झाला त काय बोलाचं ते.” ते हसायचे. ते हसणं वेगळं होतं, त्यात मी पण हसायचो.

एक दिवस वकीलसाहेब तिथं आले. जिनवाल्या मालकाचं काही काम होतं. पांढरं स्वच्छ धोतर, हातात छत्री. काट्यापाशी त्यांनी मला ओळखलं. मी अनवाणी होतो, बनियन फाटलेली, अंगभर रुई. तोंड कुठं लपवू असं झालं. शाळेत मास्तरांनी वर्गाबाहेर बसवलं होतं तेव्हा झालं होतं तसं.

“अरे, काय ही दशा!” ते म्हणाले. खरंच कळवळून म्हणाले. “त्या रेंजरची बदली झाली. आता माफीबिफी काही नको. परत ये. तीच खोली आहे. पुढच्या वर्षासाठी शिफारस देतो. फक्त रविवारी येत जा, तुझं तोंड तेवढं सुधारून टाकू.”

मालक बघत होता. मजूर बघत होते. एक बैलगाडी काट्यावर चढून थांबली होती.

मला लाज वाटत होती. रुईची, फाटक्या बनियनची, नापास झाल्याची. ती लाज आवरेपर्यंत थांबलो असतो तर जन्मभर थांबलो असतो. मी तशाच लाजेत बोललो.

“वकीलसाहेब, मी नाई येनार. परीक्षा मी पुढच्या सालीबी देईन. नाई लागलं नाव, त त्याच्या पुढच्या साली. तुमची शिफारस नाई पाहिजे. चांद्याच्या कोर्टात मी तुमच्या समोरच्या बाजूनं उभा राहीन. आनि ज्याचं जे म्हननं असंन, ते त्याच्या शब्दांत कागदावर चढल्याबिगर मी खाली बसनार नाई. साहेबानं बस म्हनलं तरी नाई. बाहेर काढलन त दारातून सांगीन.”

त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “हे असं बोलशील तिथं?”

“असंच बोलीन,” मी म्हणालो, आणि काट्यावरच्या गाडीचं वजन ओरडून सांगितलं.